भोये सरांचा गार वडा

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ वड्याची एक गाडी लागते. कॉलेज सुटायच्या वेळेला तिकडून गेलात, तर तिथे इस्त्रीच्या शर्टातला एक उंच, सावळा माणूस उभा दिसेल. कढईत वडे फुगत असतील, माणसाची नजर कढईतून हलत नसेल आणि त्याचा डावा हात पाठीमागे जाऊन स्वतःच्याच पँटचा पट्टा घट्ट धरून असेल. गाडीवाला विचारतो, "सर, देऊ?" माणूस म्हणतो, "थांब, अजून उडतोय." वडे निथळतात, ताटात येतात, दुसरी गिऱ्हाइकं खाऊन बोटं पुसून निघून जातात. मग कधीतरी हा पट्टा सोडतो आणि म्हणतो, "हं, बसला. दे आता." तोवर वड्याचा दगड झालेला असतो. तो दगड हा माणूस मिटक्या मारत खातो.

हे आमचे भोये सर. यशवंत भोये. ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. मी तिथेच भूगोल शिकवतो, आणि नशीब असं की आमच्या भाड्याच्या खोल्यासुद्धा एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. मी मूळचा सांगलीकडचा. आमच्यात भूक लागली की माणूस खातो आणि राग आला की बोलतो, त्यात कसली वाट बघायची? पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, यांची कंबर धरली असणार. चांगुलपणाने मी एक मलमही सुचवलं. तर म्हणाले, "कंबर उत्तम आहे, सर. त्याला धरलाय."

कोणाला, असं विचारल्यावर त्यांनी छातीकडे बोट केलं. आतल्याला म्हणे. मला तुम्ही सांगा, नव्या गावात, नव्या नोकरीवर, शेजारी असा माणूस निघाला तर झोप लागेल का? मला काही लागली नाही. बायकोला, सुनंदाला, मी बजावून ठेवलं की रात्री कडी नीट लावत जा.

हळूहळू उलगडा झाला. गरम वडा हा आतल्याचा आणि गार वडा आपला, असा त्यांचा हिशेब. एखादी गोष्ट 'आत्ताच्या आत्ता पाहिजे' असं वाटलं की ती मागणारा आपण नव्हे, तो. त्याला बसू द्यायचं, आणि तो बसल्यावरही ती हवीशी वाटली तरच घ्यायची. दिवाळीला घेतलेला मोबाइल त्यांनी होळीला खोक्यातून बाहेर काढला. तरुणपणी एक मुलगी बघायला गेले, ती बघताक्षणी आवडली. बघताक्षणी आवडली म्हणूनच संशय आला. ती आवड बसायची वाट बघत राहिले, आणि बसली तेव्हा मुलीच्या लग्नाचं नाही, मुलीच्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण आलं. हे ते स्वतः हसत सांगतात. पन्नाशीला टेकलेत, एकटेच आहेत, आणि कोणी लग्नाचं विचारलं तर अजूनही म्हणतात, विचार चालू आहे.

हे खूळ आलं कुठून, ते मला त्यांच्या वर्गाच्या भिंतीतून कळलं. आमच्या वर्गांमधल्या भिंती पत्र्याच्या. मी इकडे मोसमी वारे आणत असतो आणि तिकडे भोये सर मनाचे तीन भाग शिकवत असतात. इदम, अहम आणि पराहम. इदम म्हणजे नुसती वासना, हवं म्हणजे हवं. पराहम म्हणजे डोळे वटारून बसलेली आतली वडीलधारी मंडळी. आणि या दोघांच्या मधे सापडलेला बिचारा अहम, ज्याला जगाचं भान ठेवून इदमला आवरायचं असतं. पोरं बहुतेक पाड्यांवरची, घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठीच त्यांना परकी. त्यांच्यापुढे ही संस्कृत त्रिमूर्ती काय चालणार? सर म्हणायचे, "पुस्तक मिटा. बोहाडा आठवा."

मोखाड्याच्या बाजूला उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात, मोठमोठे मुखवटे घालून माणसं संबळावर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं, ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं. सरांच्या घराकडे महिषासुर. आता मुखवटा चढला की अंगात वारं भरतं, आतून धड दिसतही नाही, आणि समोर तर बायापोरं बसलेली. म्हणून सोंगाच्या कमरेला एक फडकं बांधतात आणि ते मागून धरून एक माणूस सोंगाबरोबर फिरतो. तो धरणारा. सरांचे थोरले भाऊ सोमादादा महिषासुर नाचत आणि मिसरूड फुटल्यापासून सर त्यांना धरत.

"इदम म्हणजे महिषासुर," पत्र्यापलीकडून आवाज यायचा. "अहम म्हणजे धरणारा. आणि पराहम म्हणजे बाजेवर बसून 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणारी म्हातारी माणसं." वर्गात हशा, आणि माझे मोसमी वारे जागच्या जागी.

पोरांना ते असं पक्कं बसलं की चाचणीत सगळ्यांनी इदमच्या व्याख्येत महिषासुर लिहिला आणि सरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. झालं. तेव्हाच्या प्राचार्यांनी भर बैठकीत पेपर फडकवला. पुस्तकात राक्षस कुठल्या पानावर आहे ते दाखवा म्हणाले, आणि वर म्हणाले, पाड्यावरची माणसं कॉलेजात आली तरी पाडा काही सुटत नाही. माझंच डोकं सणकलं. भोये सर मात्र उभे, चेहरा शांत आणि दोन्ही हात पाठीमागे. तेवढ्यात फाट्कन आवाज झाला. पट्टा तुटला. पँट सावरत सर म्हणाले, "माफ करा, जरा जाऊन येतो," आणि गेले. दुसऱ्या दिवशी कमरेला सुतळी बांधून आले. मी पुष्कळ सांगून पाहिलं, अहो, दोन शब्द सुनावा त्याला. ते म्हणाले, "सुनावले असते तर ते मी नसतो, सर."

या गोष्टीवरून मी त्यांच्यावर बरेच दिवस चिडून होतो. माणसाने इतकं सोसू नये. पण मोखाड्याच्या बाजारात त्यांनी मला धरलं, तेव्हा चीड जरा उतरली.

झालं असं की बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं भाजी घेऊन परतत होतो. जीपवाल्याने मला पुढची जागा कबूल केली आणि ऐनवेळी तिथे आपला पाहुणा बसवून मला मागे कोंबड्यांच्या पाटीशेजारी जायला सांगितलं. माझा स्वभाव तुम्हाला आता कळला असेल. मी पिशवी टाकली आणि त्याच्या अंगावर निघालो. चार पावलांवर कळलं की आपल्या पट्ट्याला काहीतरी लागलंय. मागे भोये सर. गंमत म्हणजे त्यांनी मला ओढलं नाही. मी पुढे गेलो की ते पुढे, मी डावीकडे वळलो की ते डावीकडे. मी त्या जीपवाल्याच्या बापजाद्यांचा उद्धार करत होतो आणि ते मागून हळू आवाजात म्हणत होते, "बोला, बोला. धरलाय." पोटभर बोलून झालं, पण हात काही उचलला गेला नाही. मग आम्ही दोघं कोंबड्यांशेजारी बसून जव्हारला आलो. वांगी तेवढी चेपली.

रागाला आवर घालणं मी समजू शकतो. जांभळांचं मात्र मला समजलं नाही. सुनंदा एकदा सहज म्हणाली, यंदा जांभळं खायलाच मिळाली नाहीत. सरांनी ते ऐकलं असावं. चार-पाच दिवसांनी त्यांच्या खोलीतून दारूच्या गुत्त्यासारखा वास यायला लागला. मी हादरलोच. एकटा माणूस, मन मारणारा, शेवटी बाटलीला लागला की काय? दार वाजवलं तर कोपऱ्यात द्रोणभर जांभळं सडून फसफसत होती. सुनंदासाठी त्याच दिवशी आणलेली. मग दिली का नाहीत, तर म्हणे, आणल्या आणल्या धावत यावंसं वाटलं, वहिनी खूश होतील असं वाटलं, म्हणून शंका आली की ही हौस त्याचीच. बसली की देऊ म्हटलं.

सुनंदा त्या दिवशी हसली नाही. ती म्हणाली, "अहो, हा माणूस देतानासुद्धा घाबरतो." मग तिने तो द्रोण स्वतः उचलून बाहेर टाकला आणि त्यांना आमच्याकडे जेवायला बसवलं. पुरी दुसऱ्यांदा वाढली तर हात लगेच पाठीमागे.

गेल्या उन्हाळ्यात गावाहून निरोप आला. सोमादादांना धाप लागते, दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी नाचायला साफ मना केलंय. दादांना मूलबाळ नाही. घरातल्या कोणी सोंग घेतलं नाही तर मुखवटा दुसऱ्या घराला द्यावा लागतो आणि दिलेला मुखवटा परत येत नाही. तेव्हा यंदा महिषासुर यशवंताने नाचायचा, असं दादांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

भिंतीपलीकडची शांतताच गेली. येरझाऱ्या ऐकू यायच्या. वड्याच्या गाडीवर सर जाईनात, आणि वर्गात मनाचे तीन भाग सोडून एकदम स्मरणशक्तीवर गेले. शेवटी एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि न विचारता बोलू लागले.

"एवढी वर्षं बांधून ठेवलेला रेडा आहे, सर. सुटल्यावर तो काय करेल, ते मलाच ठाऊक नाही. समोर पोरं बसलेली असतात. तुम्ही धराल का मला?"

मी? मी स्वतःला कधी धरलं नाही, मी यांना काय धरणार? गावात चुलतभाऊ आहेत, दांडगे पुतणे आहेत, हे सगळं सांगून पाहिलं. तर म्हणाले, त्यांनाही संबळ ऐकून वारं भरतं, ते सोडतील. शिवाय रागीट माणसाला सुटण्याची घडी आधी कळते. आता याला स्तुती म्हणायचं की काय? सुनंदा आतून म्हणाली, "धरतील ते." माझं काहीच चाललं नाही.

आम्ही गच्चीवर तालीम केली. मुखवट्याऐवजी सरांनी डोक्यावर बांबूची पाटी पालथी घातली, मी सुनंदाच्या जुन्या ओढणीने त्यांची कंबर बांधली. ते घाबरून जागचे हलत नव्हते आणि मी घाबरून त्यांना सोडत नव्हतो. समोरच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाई पापड तसेच टाकून खाली गेल्या. मला वाईट वाईट स्वप्नं पडू लागली. पाटी घातलेला रेडा प्राचार्यांना शिंगावर घेतोय आणि माझ्या हातात नुसती ओढणी.

बोहाड्याला आम्ही जीपने गेलो. वाटभर सरांचा हात पट्ट्यावरून हलला नाही. रात्रभर देवांची सोंगं येऊन गेली, मला त्यातलं काही आठवत नाही. महिषासुराचं युद्ध अगदी शेवटी, उजाडताना असतं. पूर्वेकडे फटफटलं तेव्हा सोमादादांनी मुखवटा आणला. मोठा लाकडी रेडा, खरी शिंगं बसवलेली, आतून वर्षानुवर्षांच्या घामाने काळा पडलेला. दादांनी तो धाकट्या भावाच्या डोक्यावर चढवला, त्याच्या कमरेला फडकं बांधलं, टोक माझ्या हातात दिलं आणि धापा टाकत पुढच्या रांगेत बाजेवर जाऊन बसले.

संबळ कडाडला. मुखवट्याच्या आतून हुंकार आला, तो भोये सरांच्या गळ्यातून निघाला यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मी फडकं दोन्ही मुठींत पिळलं, टाचा जमिनीत रोवल्या आणि मागे ओढलं. ते एक पाऊल पुढे गेले की मी त्यांना एक पाऊल मागे आणायचो. सोंग खुंट्याला बांधलेल्या बैलासारखं जागच्या जागी हिसके खाऊ लागलं. माणसं हसायला लागली. मोबाइल वर झाले. समोर देवीचं सोंग तलवार घेऊन ताटकळलं होतं, याला मारायचं तर हा जवळ तरी यायला हवा. बाजेवरचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं की मुखवटा दुसऱ्या घरी दिलेला बरा.  माझ्यामुळे या माणसाच्या घरचं सोंग जाणार होतं.

तेवढ्यात सोमादादा उठले. छातीवर हात ठेवून, थांबत थांबत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला.

"मास्तर, वढू नको. धरायचा म्हंजे त्याच्यासंगं जायाचा."

मला मोखाड्याचा बाजार आठवला. भोये सरांनी मला असंच धरलं होतं. दुसऱ्याला कसं धरायचं ते या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि स्वतःला मात्र जन्मभर नुसतं ओढत आला होता. मी मूठ सैल केली. आणि मग काय सांगू तुम्हाला, तो महिषासुर सुटला. शिंगं घुसळत डावीकडे गेला, मी डावीकडे. उजवीकडे झेपावला, मी उजवीकडे. धोतर-टोपीवाल्या गर्दीत माझी पँट, माझा चष्मा, पण मी नाचत होतो, खरंच नाचत होतो. हसणारी माणसं सरसावून बसली. बाया पोरांना मागे ओढू लागल्या.

मग तो एकाएकी वळला आणि डरकाळी फोडत सरळ म्हाताऱ्यांच्या बाजेकडे धावला. दादा नुकतेच परत येऊन टेकले होते.  शिंगं खरी होती. ओढ, ओढ, असं माझं अंग न् अंग ओरडत होतं, पण मी ओढलं नाही, नुसता त्याच्या मागे धावलो. बाजेपाशी तो थांबला. गुडघ्यांवर बसला. आणि तेवढं मोठं लाकडी मुंडकं त्याने हळूच दादांच्या मांडीवर ठेवलं. फडक्यातून मला त्याच्या पाठीचे हुंदके लागत होते.

संबळवाल्याला काय करावं कळेना, हे कुठल्याच साली झालं नव्हतं. दादांनी दोन्ही शिंगांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "जा रं आता. मरायचं हाय तुला अजून."

महिषासुर उठला, गेला आणि देवीच्या हातून असा झोकात मेला की टाळ्या पडल्या. मुखवटा भोयांच्याच घरी राहिला.

सूर्य वर आला होता. भोये सर उंबराखाली बसले होते, केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. काम झालं म्हणून मी फडकं सोडलं आणि त्यांच्याशेजारी अंग टाकलं. त्यांचा डावा हात सवयीने मागे गेला, चाचपडला आणि तिथेच थांबला.

"सोडलंत का, सर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, झालं की आता. ते मग पोराने बोलावं तसं, हळू आवाजात म्हणाले, "धरणाऱ्याला मागून कोणी धरत नसतं. दादाला धरायचो तेव्हा दर साली वाटायचं, मागून कोणी धरलेलं असलं की कसं वाटत असेल. म्हणून मग माझं मीच धरायला लागलो." मग म्हणाले, "जरा वेळ धरून बसता का?"

मी फडक्याचं टोक उचललं आणि पुन्हा मुठीत घेतलं.

दादांच्या घरून चहा आला, कपातून वाफा निघत होत्या. भोये सरांनी कप घेतला आणि तसाच तोंडाला लावला. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबले नाहीत, फुंकर मारून मारून सगळा संपवला आणि आणखी मागितला. माझा कप तिथेच जमिनीवर राहिला. फडकं दोन्ही मुठींत होतं, कप उचलायला हात मोकळा नव्हता. त्यांचा दुसरा कप होईपर्यंत माझा चहा पार गार झाला. मी तो तसाच प्यायलो.